आपल्याच दाव्यात न्यायाधीश

संस्थेला पन्नास-शंभर वर्षे झाली की तिला आपला इतिहास आठवतो. शाळा स्मरणिका काढते, बँक गौरवग्रंथ काढते, साखर कारखाना संस्थापकांचे रंगीत छायाचित्र घालून जाड कागदावर आपली वाटचाल छापतो. त्याला कोणी हरकत घेत नाही, कारण असल्या पुस्तकावर किती विश्वास ठेवायचा हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. मंगलाष्टकांतले वधूवरांचे वर्णन कोणी पडताळून पाहत नाही, तसेच हे.

पण हाच बेत अपिलाच्या न्यायालयाने केला तर? एखाद्या उच्च न्यायालयाने, त्याच्या खंडपीठाने किंवा सर्वोच्च न्यायालयाने लेखक नेमला, त्याला मानधन ठरवून दिले आणि सांगितले, ‘आमचा इतिहास लिहा,’ तर ती गोष्ट शाळेच्या स्मरणिकेसारखीच समजायची काय? मला तसे वाटत नाही. कारण न्यायालयाची सारी प्रतिष्ठा एका साध्या नियमावर उभी आहे. आपल्याच दाव्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हा तो नियम. खालच्या कोर्टाने चूक केली किंवा नाही, हे खालच्याच कोर्टाला विचारून भागत नाही, म्हणून तर अपिलाचे कोर्ट जन्माला आले. इतरांच्या चुका तपासणे हेच ज्याचे काम, त्याने स्वतःच्या चुका तपासणारा माणूस स्वतःच नेमावा, त्याचे पैसे स्वतःच द्यावेत आणि मजकूर छापण्यापूर्वी स्वतःच वाचावा, यात काहीतरी विपरीत आहे. आणि तरीही त्याने ते करू नये असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. या अडचणीचा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आज्ञेवरून लिहिलेला इतिहास खोटाच असतो, असा एक समज सुशिक्षितांत आहे. मराठी माणसाने तरी तो बाळगू नये. सभासदाची बखर जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली गेली. आज्ञा नसती तर ती बखरही नसती, आणि शिवकालाविषयीचा एक मोठा आधार आपण गमावला असतो. आज्ञा देणाऱ्याचा हेतू कसाही असो, लिहिणाऱ्याने पाहिलेले-ऐकलेले कागदावर उतरले. पुढच्या पिढ्यांनी ते पारखून घेतले, काही ठेवले, काही टाकले. पारखायला आधी काहीतरी असावे लागते.

उलट, कोणीच लिहून घेतले नाही तर काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोव्यातले ‘रेलासांव’ हे पोर्तुगीज अमलातले अपिलाचे न्यायालय. त्याची स्थापना १५४४ सालची मानतात. मुंबईचे उच्च न्यायालय त्यानंतर तीनशे अठरा वर्षांनी आले. पोर्तुगीज राज्य १९६१ च्या डिसेंबरात संपले. पुढे १९६३ च्या डिसेंबरात हे न्यायालयही बंद झाले, त्याच्या जागी ज्युडिशियल कमिशनरचे कोर्ट आले आणि १९८२ साली पणजीला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. चार शतकांहून अधिक आयुष्य लाभलेल्या या न्यायालयाबद्दल आपल्या घरांतून काय ठाऊक आहे? बहुधा काहीच नाही. कार्लुस रेनातु गोंसाल्विश पेरैरा यांनी पोर्तुगीज ‘इश्तादु द इंदिया’तील न्यायव्यवस्थेचा इतिहास दोन खंडांत लिहिला. तो १९६४-६५ साली लिस्बनच्या सरकारी ‘आजेंसिया-जेराल दु उल्त्रामार’ने, म्हणजे वसाहतींचे काम पाहणाऱ्या कार्यालयाने, छापला. त्याचा विषय सोळाव्या शतकापुरता आहे. म्हणजे न्यायालय मिटल्यावर, गेलेल्या राज्याच्या खर्चाने, त्याच्या भाषेत, पहिल्या शतकाचा इतिहास निघाला. डिचोली-पेडण्याच्या ज्या माणसांनी तिथे दावे लढवले, घरे विकून वकिलांची बिले भागवली, त्यांच्या नातवंडांना तो वाचता येत नाही.

गोव्याचेच दुसरे उदाहरण पाहावे. इन्क्विझिशन हेही एक न्यायासनच होते, निदान ते स्वतःला तसे म्हणवीत होते. १८१२ साली ते कायमचे बंद झाले आणि त्याच्या खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट झाले. त्यावरचा ग्रंथ कोणाच्या आज्ञेवरून झाला नाही. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली तो आपल्या उमेदीवर लिहिला. स्वतंत्र संशोधकाची थोरवी या एका उदाहरणातून दिसते, तशी त्याची अडचणही दिसते. कागदच उरले नसतील तर कितीही निःस्पृह माणूस किती लिहिणार? कागद सांभाळणे हे संस्थेच्याच हातात असते. ज्या न्यायालयाला आपल्या इतिहासाची आच असते, ते निदान आपली दप्तरे वाळवीला घालीत नाही. लिहून घेण्याच्या बाजूने मला हे सर्वांत मोठे कारण वाटते.

आता पैशाचा प्रश्न. अमेरिकेत याचा एक विलक्षण मासला झाला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ऑलिव्हर वेंडेल होम्स १९३५ साली वारले. त्यांना मूलबाळ नव्हते. आपल्या मिळकतीतला उरलेला भाग, सुमारे अडीच लाख डॉलर, त्यांनी देशाच्या नावे ठेवला. त्याचे काय करावे हे ठरवायला सरकारला वीस वर्षे लागली. १९५५ साली कायद्याने एक समिती नेमण्यात आली आणि त्या पैशातून सर्वोच्च न्यायालयाचा अनेक खंडांचा इतिहास लिहून घ्यायचे ठरले. पहिले खंड बाहेर पडायला १९७१ साल उजाडले. प्रमुख संपादक पॉल फ्रॉइंड यांचा स्वतःचा खंड त्यांच्या हातून कधी पुरा झाला नाही. अलेक्झांडर बिकेल नावाचे विद्वान १९७४ साली आपला खंड अर्धवट टाकून वारले. तो दुसऱ्याने पुरा केला आणि १९८४ साली निघाला. आपल्याकडे दिवाणी दाव्यांना वेळ लागतो म्हणून आपण कुरकुरतो. न्यायालयाच्या इतिहासाचाही दावाच झाला म्हणायचा.

पण मला त्यातली खरी मेख निराळी वाटते. ज्यांच्या पैशातून हा इतिहास निघतो, तेच होम्स त्या इतिहासातले एक मोठे पात्र आहेत. १९२७ साली त्यांनी कॅरी बक या गरीब तरुणीच्या खटल्यात निकाल लिहिला, आणि तिला ‘मंदबुद्धी’ ठरवून सरकारी आज्ञेने तिचे मातृत्व शस्त्रक्रियेने काढून घेणे कायदेशीर असल्याचे सांगितले. त्या काळचा तिथला इतिहास लिहिणाऱ्याला हा निकाल टाळता येत नाही. म्हणजे दात्याच्या पैशाने दात्याचाच दोष लिहायचा! मात्र ही सोय तिथे झाली ती दाता हयात नव्हता म्हणून, आणि पैसा न्यायालयाच्या हाती न जाता एका समितीच्या हाती गेला म्हणून. पैसा कोणाचा, यापेक्षा लेखणीवर हात कोणाचा, हा प्रश्न मोठा आहे.

आपल्याकडे पाहू. मुंबईचे उच्च न्यायालय १८६२ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाले. जुने सुप्रीम कोर्ट आणि सदर अदालती यांचा त्यात मिलाफ झाला. शताब्दीच्या वर्षी, १९६२ साली, फि. बा. वाच्छा यांचा नामांकित न्यायाधीश, वकील आणि खटले यांच्यावरचा इंग्रजी ग्रंथ निघाला. पण मला त्याहून बोलका वाटतो तो भिंतीवरचा एक दगड. लोकमान्य टिळकांना १९०८ साली ज्या दालनात सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्या दालनाबाहेर १९५६ साली एक शिलालेख लावण्यात आला. निकाल ऐकल्यावर टिळकांनी काढलेले उद्गार त्यावर कोरलेले आहेत. त्याचे अनावरण त्या न्यायालयाच्याच मुख्य न्यायमूर्तींनी, म. क. छागलांनी केले. न्यायालयाने आपल्या हाताने, आपल्या भिंतीवर, आरोपीचे शब्द कोरून घेतले. न्यायाधीशांचे शब्द तिथे नाहीत.

याला मी न्यायालयाने लिहून घेतलेल्या इतिहासाचे एक पान म्हणतो, आणि ते पान उजळ आहे. पण विचार करता करता मन थबकते. १९५६ साली हे सोपे नव्हते काय? राज्य बदलले होते, निकाल देणारे न्यायमूर्ती दावर केव्हाच काळाआड गेले होते आणि दोषाचे ओझे परक्या सत्तेच्या खांद्यावर टाकता येत होते. शिवाय दावरांची गोष्ट इतकी सरळ नाही. १८९७ साली टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी उभे राहिलेले वकील हेच दावर होते. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो जामीन दिला. वकील म्हणून ज्याची सुटका मागितली, त्यालाच अकरा वर्षांनी न्यायाधीश म्हणून शिक्षा सुनावणारा हा माणूस आतून कसा असेल? शिलालेखात याला जागा नाही. गौरवग्रंथातही बहुधा नसते. ती जागा इतिहासात असते, आणि म्हणूनच दगडाने इतिहासाचे काम भागत नाही.

खरी कसोटी लागते ती आपल्या माणसांनी, आपल्या राज्यात, आपल्या डोळ्यांदेखत केलेल्या गोष्टींची. आणीबाणीत हजारो माणसे विनाचौकशी तुरुंगात होती. अटक बेकायदा आहे एवढे तरी म्हणण्याचा हक्क त्यांना उरला आहे काय, हा प्रश्न निरनिराळ्या उच्च न्यायालयांपुढे आला. नऊ उच्च न्यायालयांनी ‘उरला आहे’ असे सांगितले. त्यांवरची अपिले सर्वोच्च न्यायालयात गेली. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने तो खटला प्रसिद्ध आहे. आमच्या इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना तो अधिक जवळचा वाटेल, कारण मूळचा निकाल त्यांच्याच उच्च न्यायालयाचा. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने वरच्या न्यायालयाने नऊही उच्च न्यायालये चुकली असे ठरवले. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळे राहिले. १९७७ च्या जानेवारीत त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश करण्यात आले आणि त्यांनी राजीनामा दिला. त्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. एकेचाळीस वर्षांनी, २०१७ च्या ऑगस्टमध्ये, नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला आणि ते लिहिणारी लेखणी त्यांच्याच मुलाची, धनंजय चंद्रचूड यांची होती.

आता समजा, १९८० च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयाने आपला इतिहास लिहून घ्यायचे ठरवले असते. यशवंतराव तेव्हा सरन्यायाधीश होते. लेखकाने १९७६ च्या निकालावर काय लिहिले असते? न्यायमूर्ती सज्जन असते, लेखक प्रामाणिक असता, तरीही लिहिताना त्याची बोटे आखडली असती. यात कोणाच्या दुष्टपणाचा प्रश्न नाही. जेवू घालणाऱ्याच्या पंक्तीत बसून भाजी आळणी आहे असे सांगणे अवघड असते, इतकेच. पण त्या भाजीची चव ज्यांनी तुरुंगात घेतली, त्यांचे काय?

इथे विरुद्ध बाजूचे म्हणणे नीट मांडले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. न्यायालयाच्या हाती फौज नाही, तिजोरी नाही. लोक त्याचे ऐकतात ते विश्वासामुळे. निकाल विरुद्ध गेलेला माणूस मुकाट्याने शेताचा ताबा सोडतो, कारण निवाडा करणारा निःपक्षपाती आहे असे गावाला वाटते. चुकांची यादी न्यायालयाने स्वतःच छापून वाटली तर तो विश्वास ढासळेल, आणि मग निवाडा लाठीने होईल. सीमाभागात राहणाऱ्यांना हे निराळे सांगायला नको. आमचा मोठा प्रश्नच महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला, आणि दोन दशके उलटेपर्यंत त्याचा निकाल लागलेला नव्हता. तेवढा काळ माणसे थांबली ती कशाच्या बळावर? न्यायालयाच्याच.

हे मला मान्य आहे. पण विश्वास दोन तऱ्हांचा असतो. एक लहान मुलाचा बापावर असतो. बाप चुकतच नाही असे त्याला वाटते. दुसरा मोठ्या झालेल्या मुलाचा असतो. बाप चुकला होता, आणि चुकल्यावर तसे म्हणाला होता, हे त्याला ठाऊक असते. पहिला विश्वास एका धक्क्याने तुटतो. दुसरा तुटलेलाच असतो आणि पुन्हा जोडलेला असतो, म्हणून टिकतो. अपिलाची कल्पनाच मुळी या दुसऱ्या विश्वासावर उभी आहे. ‘न्यायाधीश चुकू शकतो’ असे छापील कबूल केल्याखेरीज अपिलाचा कायदा लिहिताच येत नाही. न्यायालयाच्या अवमानाच्या कायद्यातही २००६ साली दुरुस्ती झाली. लोकहितासाठी आणि सद्भावनेने सांगितलेले सत्य हा बचाव न्यायालयाला ग्राह्य धरता येईल, असे त्यात आले. जे बाहेरच्या माणसाला सांगू द्यायचे, ते स्वतः नेमलेल्या लेखकाला नाकारायचे, हे बरे दिसत नाही.

आणखी एक प्रश्न आहे, आणि द्विभाषिक मुलखात राहणाऱ्या आपल्याला तो विशेष जाणवावा. इतिहास न्यायालयाचा म्हणजे नेमका कोणाचा? बहुतेक असल्या ग्रंथांत न्यायमूर्तींच्या तसबिरी असतात, इमारतीची कोनशिला असते, नामांकित वकिलांचे विनोद असतात. पक्षकार मात्र निकालाच्या मथळ्यात एका नावापुरता उरतो. रखमाबाईंचा खटला घ्या. बालपणी लागलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास त्यांनी नकार दिला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. १८८६ साली अपिलात तो फिरला. १८८७ साली, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. रखमाबाई तुरुंगाला तयार झाल्या. १८८८ साली तडजोड झाली, आणि पुढे त्या विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. न्यायालयाच्या दृष्टीने हा विवाहसंबंधांच्या कायद्याचा एक मुद्दा. रखमाबाईंच्या दृष्टीने सारे आयुष्य. मुद्दा लिहायचा आणि आयुष्य गाळायचे, हा इतिहास अर्धाच होय.

आपल्या जुन्या पद्धतीत याबाबतीत एक शहाणपण होते. मराठेशाहीतल्या महजरांत सभेला हजर असलेल्यांची नावे असत, दोन्ही पक्षांची हकीकत त्यांच्या तोंडची असे, आणि अक्षर न येणाऱ्या पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी असे. हरणाऱ्याकडून येजितखत घेतले जाई, म्हणजे पराभवही त्याच्याच शब्दांत नोंदला जाई. त्या व्यवस्थेत जातीची आणि वतनाची उतरंड होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण कागदावर माणसाचा आवाज उरला. डॉ. वि. त्रिं. गुण्यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरचा आपला ग्रंथ १९५३ साली याच कागदांच्या आधारे उभा केला, आणि पुढे तेच गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख झाले. आजच्या उच्च न्यायालयात काय घडते? खेड्यातली बाई खालच्या कोर्टात मराठीत किंवा कानडीत साक्ष देते. तिचे भाषांतर होते, पेपर-बुक तयार होते, आणि वर जाते ती इंग्रजी. बेळगावचे अपील १९५६ पर्यंत मुंबईला जाई, नंतर बंगळूरला जाऊ लागले, २००८ पासून धारवाडला. माझ्या परिचयाचे एक वृद्ध वकील म्हणत, ‘अहो, आमची फाईल आमच्यापेक्षा जास्त भाषा शिकली. फक्त ज्या भाषेत अशील रडला, तेवढी विसरली.’

तेव्हा माझे मत असे. न्यायालयाने आपला इतिहास अवश्य लिहून घ्यावा. पण तो लिहून घेताना, इतरांवर लादलेलेच नियम स्वतःवर लादून घ्यावेत. लेखकाची निवड न्यायालयाबाहेरच्या माणसांनी करावी आणि मानधन कोठून आले ते पहिल्याच पानावर छापावे. दप्तरे त्याला उघडी करावीत, आणि त्याचे काम झाल्यावर ती इतरांनाही उघडी ठेवावीत. कारण ज्या निकालाचे कागद दुसऱ्याला पाहता येत नाहीत, त्यावर अपील करता येत नाही. मसुदा न्यायमूर्तींनी वाचायला हरकत नाही. पण खोडायचा मात्र नाही. न पटल्यास आपले भिन्न मत शेवटी सहीनिशी जोडावे, जसे ते निकालपत्राला जोडतात. खन्नांचे भिन्न मत १९७६ साली छापले गेले, म्हणून २०१७ साली उपयोगी पडले. आणि ग्रंथ त्या भाषांतही निघावा, ज्या भाषांत पक्षकारांनी साक्षी दिल्या.

या अटी मान्य नसतील, तर न्यायालयाने खुशाल स्मरणिका काढावी, फक्त तिला इतिहास म्हणू नये. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात सुरू झाले. तिथले कागद आता कोठे नंबर पडून कपाटात जात आहेत. पन्नास वर्षांनी कोणीतरी म्हणेल, ‘आपला इतिहास लिहून घेऊ या.’ तेव्हा लिहिणाऱ्याला त्या कपाटात न्यायमूर्तींच्या बरोबर शिरोळच्या त्या शेतकऱ्याचाही आवाज सापडेल की नाही, हे पन्नास वर्षांनंतर ठरायचे नाही. आज त्याची साक्ष कोण, कशी आणि कोणत्या भाषेत जपून ठेवतो, यावर ते ठरणार आहे.